भांडं धुणार कोण?

माझ्या शेडमध्ये भिंतीवर एक लोखंडी कडं टांगलेलं आहे. नवीन आलेला प्रत्येक जण विचारतो, हे काय? कुणाला ते बैलगाडीच्या चाकाची धाव वाटते. एका पाहुण्यांनी तर सर्कशीत वाघ उडी मारतो ते आहे का, असं विचारलं होतं. ते वायाळसाहेबांचं कडं आहे. साहेबांना जाऊन दोन पावसाळे झाले. त्यांच्या वस्तूंपैकी एवढीच माझ्या वाट्याला आली. दुसरी एक होती, लाल प्लास्टिकची बादली. ती तळेघरला आहे आणि रोज वापरात आहे, त्यामुळे मागायची सोय नाही.

मी पेठला, पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला फॅब्रिकेशनचं काम करतो. पत्रा वाकवायचा, जोडायचा, टाक्या आणि वाफेची भांडी बनवायची. वायाळसाहेब त्या भांड्यांचं डिझाइन करायचे. आत वाफ किंवा हवा दाबून भरली की भांडं फुटायला बघतं. ते फुटू नये म्हणून पत्रा किती जाड घ्यायचा, झाकण कसलं, पाय कुठे, नळ कुठे, हे ठरवणारा हा माणूस. चिंचवडच्या एका कारखान्यात उभी हयात काढून ते मंचरला येऊन राहिले आणि खताच्या दुकानावरच्या एका खोलीत पाटी न लावता बसू लागले. मूळचे लेण्याद्रीच्या पायथ्याचे. इतकी वर्षं इंग्रजी पुस्तकं चाळली तरी बोलणं जुन्नरकडचंच राहिलं, आणि ते बदलावं असं त्यांना कधी वाटलंही नाही.

पहिल्यांदा गेलो तो एका दूध डेअरीचं ड्रॉइंग घेऊन. पत्र्याची जाडी बरोबर आहे का एवढंच मला विचारायचं होतं. साहेबांनी चहा मागवला. ड्रॉइंगची गुंडाळी तशीच मांडीवर ठेवली आणि विचारलं, "हे भांडं धुणार कोण?"

मी म्हटलं, मला काय माहीत, धुतील त्यांचे ते. ते कोण? कामाला बाया असतील त्या. उंच का बुटक्या? आता मला राग यायला लागला होता. मी जाडी विचारायला आलोय, असं जरा चढ्या आवाजात सांगितलं. साहेब शांतपणे म्हणाले, "जाडी गणितानं निघंल राव. बाईचा हात कुठवर पोचतो ते गणितात न्हाई." मग मला डेअरीवर पाठवलं. मी खरोखर गेलो आणि बायांचे हात बघून आलो. तिथल्या मॅनेजरनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी अजून विसरलेलो नाही.

साहेबांचा दुसरा प्रश्न होता, "आन् मंग?" कुठल्याही उत्तरानंतर तो यायचाच. वाफ आत येते. आन् मंग? माल शिजतो. आन् मंग? खालचा नळ उघडतो. आन् मंग? माल पडतो. कशात पडतो? गोष्ट ऐकणारं पोर जसं झोपेपर्यंत सोडत नाही तसं हे चालायचं, आणि शेवटी समोरच्याला कळायचं की आपण भांडं विकत घेतोय पण त्याचं करायचं काय याचा विचार केलेलाच नाही. माझी वेल्डर मंडळी त्यांना 'मंगसाहेब' म्हणायची. साहेबांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, सांगायच्या, लग्न ठरताना त्यांचे वडील म्हणाले, मुलगी तुमच्या पदरात टाकली, तर हे ताडकन म्हणाले, "आन् मंग?" शेवटी सासरेच म्हणाले, मग तुम्ही सुखानं राहा. "एवढं वदवून घेतलं तवा कुठं हो म्हणाले," असं वहिनी सांगायच्या आणि साहेब पेपरात तोंड घालायचे.

कड्याची हकिगत अशी. भांडं मोठं असलं की आत माणूस उतरवून साफ करावं लागतं. त्यासाठी वर एक भोक ठेवतात, त्याला मॅनहोल म्हणतात. गिऱ्हाइकाला ते नेहमी छोटं हवं असतं. साहेब स्वतः इतके किडकिडीत की कुठल्याही भोकातून साबणासारखे निसटले असते. म्हणून त्यांनी स्वतःला कधी माप धरलं नाही. "माझ्यावर जाऊ नका, मी नळीतून बी जाईन," असं ते म्हणत. मॅनहोलच्या मापाचं कडं माझ्याकडून करून घेतलं आणि ऑफिसात खिळ्याला टांगलं. ज्याला भोक छोटं हवं, त्यानं कड्यातून जाऊन दाखवायचं.

नारायणगावकडचे एक टोमॅटो सॉसवाले पाहुणे आले होते. अंगानं चांगले भरलेले, हातात सोन्याचं कडं, गळ्यात साखळी. कशाला एवढं मोठं भोक, माझा माणूस बारीक आहे, म्हणाले. साहेब म्हणाले, तो बारीक माणूस ज्या दिवशी कामावर येणार न्हाई त्या दिवशी कोण उतरंल? पाहुणे फुशारकीत म्हणाले, मी. आणि कड्यात शिरले. खांदे गेले, छाती गेली, पोटावर गाडी थांबली. पुढेही जाईना, मागेही येईना. तेवढ्यात चहा आला. साहेबांनी त्यांना त्याच अवस्थेत चहा पाजला, घरच्यांची चौकशी केली, यंदा टोमॅटोवर रोग कसला पडलाय ते विचारलं. शेवटी बाजारातल्या किराणा दुकानातून एरंडेल आणून पाहुण्यांना मोकळं केलं. मॅनहोल मोठं ठरलं हे सांगायला नको. पाहुणे पुढे साहेबांचे जिवलग झाले आणि दर हंगामात सॉसच्या बाटल्या पाठवत राहिले. साहेब सॉस खात नसत. त्या सगळ्या माझ्या घरी यायच्या.

लाल बादली गाडीच्या डिकीत असायची. भांडं तयार झालं की साहेब ती घेऊन शेडमध्ये यायचे. वेल्डिंगकडे बघायच्या आधी खालच्या नळाखाली बादली सरकवायचे. बसली तर ठीक. नाही बसली तर भांड्याचे पाय वाढवा. बादली तिरकी धरली तर बसते, असं मी एकदा म्हणालो. मला त्यांनी दुपारभर बादली तिरकी धरून उभं केलं असतं, पण नेमकी वहिनींची जेवायला हाक आली.

वर्षातून एकदा ते लेण्याद्रीला जात आणि मला ओढून नेत. गिरिजात्मजाच्या देवळात शिरलं की लोक गणपतीकडे तोंड करतात. हे त्याच्याकडे पाठ करून छत बघत उभे राहायचे. एवढं मोठं दालन, अख्ख्या डोंगराचं ओझं वर, आणि मध्ये एकही खांब नाही. "ज्यानं कोरलं त्यानं किती वेळा आन् मंग विचारलं असंल," असं म्हणत मान दुखेपर्यंत बघत राहायचे. पुजारी पहिल्या वर्षी ओरडला, देवाला पाठ दाखवू नका म्हणून. पुढे सवयीनं तोच म्हणायला लागला, साहेब, बघून झालं का छत, आता नमस्कार करा.

मला मात्र साहेब आठवतात ते तळेघरच्या कामामुळे.

तळेघरच्या बाया पिढ्यान् पिढ्या हिरडा गोळा करतात, वाळवतात आणि पोती भरून व्यापाऱ्याला देतात. तो म्हणेल तो भाव. त्यांच्यातल्या यमुनाबाईंनी ठरवलं की आपणच हिरडा उकळून अर्क काढायचा. पन्नाशीच्या, बोलायला कमी आणि चालायला लई. एसटी क्वचितच, म्हणून वाडी-वाडीला पायी जाऊन त्यांनी बाया जमवल्या. नवऱ्यांनी नावं ठेवली, व्यापाऱ्यानं हसून दाखवलं, तरी गट उभा राहिला. एका औषध कारखान्याचा माणूस पहिला अर्क स्वतः बघायला यायचा होता. पसंत पडला तर सगळा माल घेणार होता. नाही पडला तर पुन्हा पोती आणि तोच व्यापारी, आणि यमुनाबाईंना गावात बोलायला तोंड उरणार नव्हतं.

भांड्याचं ड्रॉइंग पुण्याच्या कुणा सल्लागारानं दिलेलं होतं. मी त्याबरहुकूम बनवलं. हिरड्याला लोखंड लागलं की अर्क शाईसारखा काळा होतो, म्हणून सगळं स्टीलचं. पाण्याचा दाब देऊन टेस्ट झाली, एक थेंब गळला नाही. नुसतं बघत बसावं असं भांडं झालं होतं. मी साहेबांना म्हटलं, एकदा नजर घाला, टेम्पो सांगितलाय. साहेबांनी बादली सरकवली, ती बसली. मग म्हणाले, "आधी तळेघरला जेवून येऊ."

यमुनाबाईंच्या घरी आम्ही जेवायला बसलो. भात, नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं. शेवटचा भात वाढून झाला तशी यमुनाबाईंनी चुलीवरनं उतरलेल्या त्या तापल्या पातेल्यात तांब्याभर गार पाणी ओतलं. चर्र आवाज झाला. साहेबांचा घास हातातच राहिला.

असं का करता, त्यांनी विचारलं. बाईंना प्रश्नच समजेना. मग म्हणाल्या, "लगीच पानी न्हाई वतलं तर चिकाट सुटत न्हाई. मंग घासाया लई पानी जातं. आमी पानी खालनं डोक्यावर आनतो, सायेब." आईनं शिकवलं, आजीनं आईला शिकवलं. तापल्या भांड्यात गार पाणी, या वाड्यांवर दुसरी रीतच नाही.

कारखान्यातलं भांडंही असंच धुणार का, साहेबांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "मंग? भांडं ते भांडं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला भाकरी गोड लागेना. अर्क काढून घेतल्यावर भांड्यात नुसती वाफ उरते. सगळे नळ बंद असताना त्यावर गार पाण्याचा फवारा मारला तर वाफेचं क्षणात पाणी होतं, आत काहीच उरत नाही, आणि बाहेरची हवा भांडं चेपून टाकते. आतून फुटू नये म्हणून केलेलं भांडं बाहेरून दाबलं तर टिकेलच असं नसतं. सल्लागारानं सूचना दिली होती, गार झाल्यावर धुवावे. मीही तेच म्हणालो, मोठी पाटी लावू. यमुनाबाईंनीही देवाची शपथ घेतली, गार झाल्याबिगर पाण्याला हात लावणार न्हाई म्हणून. शपथ घेता घेता त्यांनी आमचा चहा गाळला आणि रिकाम्या तापल्या पातेल्यात गार पाणी ओतलं.

सगळ्या बाया हसायला लागल्या. यमुनाबाई हातातल्या तांब्याकडे बघत राहिल्या, मग त्याही हसल्या.

साहेबांनी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा मागवला. तळाशी थोडं पाणी घालून चुलीवर ठेवला. तोंडातून वाफ जोरात यायला लागल्यावर डबा उतरवून बूच घट्ट बसवलं, बायांना लांब उभं केलं आणि वरून गार पाणी ओतलं. डबा कडाकडा वाजला आणि कुणीतरी वरून पाय दिल्यासारखा आत गेला. एक म्हातारी म्हणाली, "डब्यानं अंग चोरलं गं." कुणी हसलं नाही.

यमुनाबाईंनी विचारलं, शेजारी आमी असतो तर? साहेबांनी सरळ सांगितलं, नळ तुटले असते, वाफेच्या नळातली वाफ अंगावर आली असती. बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "मंग नको आमाला ते भांडं. बाया माज्या शब्दावर आल्यात. पोतीच बरी."

साहेब म्हणाले, "भांडं तुमच्यासारखं करू. तुमाला भांड्यासारखं करायला माझं आयुष्य पुरायचं न्हाई."

येताना गाडीत मी तोंड सोडलं. कारखान्याचा माणूस चार दिवसांवर आलेला, टेम्पो ठरलेला, आणि इतकं सुंदर भांडं पुन्हा चिरायचं! साहेब घोडेगावपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "आन् मंग?"

पुढचे दिवस शेडमध्ये नुसती धांदल उडाली. भांड्याला बाहेरून कडी चढवली, पिंपाला असतात तशी, पण चांगली दणकट, म्हणजे बाहेरची हवा दाबू लागली तरी पत्रा दबायचा नाही. आणि खरी गंमत नळात केली. पाण्याचा नळ आणि हवा आत घेणारा नळ एकाच दांड्याला जोडले. पाणी सोडायला दांडा ओढला की आधी हवेचा नळ सताड उघडतो, मग पाणी येतं. हवा न घेता पाणी सोडायची सोयच नाही. मी दांडा बोल्टनं बसवला होता. साहेबांनी विचारलं, बोल्ट कुणी काढला तर? मी वेल्डिंग मारलं. ते शेंगा खात स्टुलावर बसून होते आणि टरफलं माझ्या शेडभर झाली होती.

भांडं तळेघरला, बायांच्या शेडमध्ये बसवलं. कारखान्याचा माणूस ठरल्या दिवशी आला. पहिला घाणा निघाला. अर्क छान तांबूस उतरला, बादली नळाखाली बरोबर बसली. पाहुण्यानं बोट बुडवून चाखलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि मान डोलावली. बायांना कळेना हे चांगलं का वाईट. तो म्हणाला, असाच कडू हवा, सगळा घेतो. यमुनाबाई त्याच्याकडे वळून काही बोलणार, त्याआधी त्यांचा हात सवयीनं दांड्याकडे गेला. बायांनी श्वास रोखला. भांड्यानं मात्र मोठ्यानं श्वास घेतला, हवा सूं करत आत गेली, पाण्याचा सडा आत वाजू लागला, आणि भांडं जसंच्या तसं उभं राहिलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी त्या भांड्यावर मनापासून खूश झालो.

सामान टेम्पोत भरलं तरी साहेब निघेनात. आज पावणं व्हतं, म्हणाले, पावण्यांसमोर सगळेच नीट वागतात. मला कुणी बघत नसताना कसं धुतात ते बघायचंय. दांडा जड लागला की माणूस दुसरीकडून नळी घालतो. त्यांनी मुक्काम ठोकला.

दोन दिवसांनी मी त्यांना आणायला गेलो. शेडमध्ये यमुनाबाई एकट्याच होत्या, पाठमोऱ्या. साहेब कुठे दिसेनात. मग हिरड्याच्या पोत्यांच्या थप्पीमागून एक हात वर आला आणि मला खाली बसायची खूण केली. जाऊन बघतो तर हा चिंचवडच्या कारखान्यातला मोठा इंजिनियर उकिडवा बसून दोन पोत्यांच्या फटीतून बघत होता. तोंडावर बोट. मीही बसलो. यमुनाबाईंनी अर्क काढला, लाल बादली उचलून बाजूला ठेवली आणि कुठे इकडेतिकडे न बघता दांडा ओढला. हवा आत गेली, पाणी वाजलं, भांडं उभं राहिलं. साहेबांनी माझा गुडघा दाबला. त्यांचे डोळे भरले होते.

मी हळूच म्हटलं, "आन् मंग?"

ते काही बोलायच्या आत यमुनाबाई मागे न वळता म्हणाल्या, "सायेब, कालधरनं तितं बसलाय. पायाला मुंग्या आल्या आसतील. भायेर या आता, च्या ठेवते."

साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. कालपासनं ठाऊक व्हतं तर मंग हे बघणं धरायचं न्हाई, असं पुटपुटत ते उठले, कपडे झटकले, आणि चहा पिऊन मला म्हणाले, तुमी व्हा पुढं. मी पुष्कळ समजावलं, वहिनींचं नाव सांगितलं. काही उपयोग झाला नाही.

त्या पावसाळ्यात ते गेले, झोपेत, शांतपणे. मधल्या दिवसांत फोनवर बोलणं झालं, भेट राहिली. भांडं अजून चालू आहे, एकदाही चेपलं नाही. मला साहेब दिसतात ते त्या दुपारचे. गाडी वळवताना मी मागे पाहिलं. ते पुन्हा पोत्यांमागे जाऊन बसत होते, आणि यमुनाबाई त्यांच्या बुडाखाली घालायला एक रिकामं गोणपाट दुमडून देत होत्या.